आजीची मांडी आणि बूस्टर सीट

पत्र

ताई, नमस्कार. मी पाथर्डी फाट्याजवळ राहते. मुलगी पहिलीत आहे. वय ६, उंची ११२ सेंटिमीटर, वजन १९ किलो. उन्हाळ्यात आम्ही गाडीत तिच्यासाठी बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक, घेतली आणि घरात शीतयुद्ध सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मांडीपेक्षा ही प्लॅस्टिकची खुर्ची जास्त झाली का?" नवरा दोघींच्या मध्ये. त्यामुळे सध्या मी गाडीत असले की सीट आणि सासूबाई असल्या की मांडी, असं चाललंय.

मी शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. जुलैच्या सभेत पडद्यावर चित्रं दाखवून या विषयावर वीस मिनिटं बोलले. आमच्या शाळेत सगळ्या तऱ्हेची घरं आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात फ्लॅट घेऊन राहिलेले दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे (त्यांत खानदेशातून आलेले बरेच, यूपी-बिहारचेही), वडाळ्याची मुस्लिम कुटुंबं, देवळाली कॅम्पची फौजी घरं, गुजराती-मारवाडी व्यापारी. एक बागायतदार हसून म्हणाले, "ताई, आमची पोरं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर वाढली." एक आई हळूच म्हणाली, "गाडी ही सेकंडहँड है हमारी, सीट कहाँ से लाएँ?" बाकीचे मोबाइल बघत होते. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा बोला, असं मुख्याध्यापक म्हणताहेत. हे श्रीमंतांचं खूळ वाटणार नाही असं कसं सांगू? की सरळ कायद्याची भीती घालू?

— एक आई, नाशिक

उत्तर

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या सभेतल्या निम्म्या लोकांच्या मनातलं त्या एकट्याच मोठ्याने बोलल्या.

आपल्याकडे लहान मुलाची हक्काची जागा म्हणजे कुणाची तरी मांडी. जावळ काढायचं मामाच्या मांडीवर, कान टोचायचे मांडीवर, पहिला घास मांडीवर. ही रीत फक्त मराठी घरांतली नाही, तुम्ही सांगितलेल्या सगळ्याच घरांतली आहे. त्यामुळे "मांडीवर मूल सुरक्षित नसतं" हे वाक्य आजीच्या कानात "तू सुरक्षित नाहीस" असं पोचतं. मग ती सीटशी नाही, तुमच्याशी भांडते. तिचं प्रेम खोटं ठरवून तुम्ही हा वाद जिंकू शकणार नाही, आणि जिंकलात तरी तुम्ही गाडीत नसताना मूल मांडीवरच जाणार.

त्यांच्यासमोर आकडा ठेवा, तोही शांतपणे. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे त्रिमूर्ती चौकातून घरी येतानाचा साधा वेग. समोर काही आडवं आलं, आदळून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १९ किलोची तुमची मुलगी तेवढ्या क्षणापुरती २०० किलोपेक्षा जास्त जोराने पुढे ओढली जाते. हातात बळ किती आहे हा प्रश्नच उरत नाही. पैलवानाच्या हातांतूनही ती सुटेल. शिवाय आजीने स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर तीही त्याच क्षणी पुढे जाते आणि नात मधे सापडते. काही घरांत तर दोघींना मिळून एकच बेल्ट गुंडाळतात. त्याच्याइतका वाईट प्रकार दुसरा नाही, कारण मोठ्या माणसाचं सगळं वजन मुलाच्या अंगावर येतं.

एवढं सांगितल्यावर तिथे थांबू नका. मांडी काढून घेतली तर आजीला काय उरतं? तिला काम द्या. सीटवर बसवणं, बेल्ट खांद्यावरून नीट घेणं, लॉकचा आवाज झाला का ऐकणं, आणि "आजीने बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही" हा नियम. हा मान त्यांचा आणि फक्त त्यांचा. त्या शेजारी बसतील, त्यांचाही बेल्ट लागेल, आणि नातीचा हात धरायला त्यांचे दोन्ही हात मोकळे असतील. "आईने आणलेली खुर्ची" ही "आजीच्या हाताखालची खुर्ची" झाली की पुढचं भांडण बहुतेक आपोआप मिटतं. नवऱ्याने मध्ये उभं राहणं सोडून ड्रायव्हरच्या जागी बसावं. बेल्ट लागेपर्यंत चावी फिरवायची नाही, एवढंच त्याचं काम.

आजीच्या स्वतःच्या बेल्टवर मी मुद्दाम जोर देते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. त्यानंतर काही आठवडे सगळे मागे बसून बेल्ट लावत होते. मग सीट कव्हरं पुन्हा जागच्या जागी गेली. या कव्हरांकडे नंतर येते, ती या गोष्टीतली खरी खलनायिका आहेत.

आता सभा. तुम्ही वीस मिनिटं बोललात आणि लोकांनी मोबाइल बघितले, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पडद्यावर दिसणारं मूल गोरं, गाडी परदेशी, मागे बसलेलं कुणीच नाही. आपल्या गाडीत आजी असते, डबा असतो, एक भाचा असतो, आणि वणीला जाताना नारळाची पिशवी पायाशी असते. लोक सीटला हसले नाहीत. त्या रिकाम्या गाडीला हसले.

आणखी एक गोष्ट. बूस्टर म्हणजे नेमकं काय, हे तुमच्या श्रोत्यांना समजलं असेल का, याची मला शंका आहे. बहुतेकांना ती मुलाला पकडून ठेवणारी खुर्ची वाटते. पकडून ठेवायचं काम बूस्टर करतच नाही, ते गाडीचा बेल्टच करतो. बूस्टर मुलाला फक्त उंच करतो. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बसवलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला तो तसाच लावला तर वरचा पट्टा गळ्यावर येतो. ते टोचतं म्हणून मूल तो काखेखाली घेतं किंवा पाठीमागे टाकतं. खालचा पट्टा मांड्यांवर, कमरेच्या हाडापाशी राहायला हवा, तो पोटावर चढतो. धक्का बसला की सगळा जोर मऊ पोटावर येतो. आतड्यांना आणि मणक्याला होणाऱ्या अशा दुखापती डॉक्टरांना चांगल्या ओळखीच्या आहेत, इतक्या की त्यांना बेल्टच्याच नावाने ओळखतात. मूल उंच बसलं की खालचा पट्टा हाडावर येतो आणि वरचा खांद्याच्या मधोमध. एवढंच काम आहे, आणि त्या एवढ्याशा कामाने ४ ते ८ वर्षांच्या मुलांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता नुसत्या बेल्टच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते, असं अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात दिसलं आहे.

हे बोलून कळत नाही. हे बघावं लागतं. म्हणून सभागृह सोडा आणि शाळेच्या मैदानावर या. तीन गाड्या उभ्या करा: एक बागायतदारांची मोठी एसयूव्ही, एक जुनी ऑल्टो, एक इको. तिसरीतलं एखादं मूल आधी तसंच बसवा, बेल्ट लावा आणि त्याच्याच वडिलांना सांगा, "पट्टा कुठे आलाय, बोट ठेवून दाखवा." मग बूस्टर ठेवून पुन्हा. तुम्ही एक शब्दही बोलू नका. गळ्यावरचा पट्टा खांद्यावर गेलेला बापाच्या डोळ्यांना दिसतो, आणि स्वतःच्या डोळ्यांवर बापाचा तुमच्या भाषणापेक्षा जास्त विश्वास असतो.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००६ सालच्या आढाव्यात ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये बूस्टरचा वापर वाढवण्याचे वेगवेगळे प्रयोग एकत्र पाहिले होते. नुसत्या समजावण्यानेही वापर थोडा वाढला. समजावण्याबरोबर सीट हातात दिली तिथे तो कितीतरी जास्त वाढला. कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल त्यात एकच अभ्यास होता आणि त्यात ठळक फरक दिसला नव्हता.

तुमच्या बागायतदारांशी ट्रॅक्टरवरून वाद घालू नका. मडगार्डवर मूल बसवणं धोक्याचंच आहे, पण ती लढाई या सभेत नको. त्यांना वेगाबद्दल विचारा. ट्रॅक्टर बांधावरून रमतगमत जातो, पण यांची एसयूव्ही पिंपळगावहून मुंबई-आग्रा महामार्गाने येते तेव्हा काटा कुठे असतो? समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आणि सपाट भागात तिथे मोटारीला ताशी १२० ची परवानगी आहे. मुंबईला मामाकडे जायचं तर आता सगळे तिकडूनच जातात. ट्रॅक्टरवर वाढलेली पोरं त्या वेगाने कधी गेली नव्हती. हे कबूल करायला बागायतदाराला कमीपणा वाटत नाही, कारण रस्ता बदलला आहे, तो स्वतः चुकलेला नाही.

अशा गाडीत सीट बसवणं सोपंही असतं. मागच्या दोन्ही कडेच्या जागांवर तीन टोकांचे बेल्ट असतात आणि नव्या गाड्यांत बहुतेक वेळा आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूकही. अडचण एकच: शोरूममधून बाहेर पडताच चढवलेलं जाड सीट कव्हर. बेल्टचं लॉक त्याच्याखाली गडप होतं आणि आयसोफिक्सचे हूक तर मालकाला माहीतच नसतात. मी कित्येक गाड्यांत मागे बसून लॉक शोधताना हात खरचटून घेतलाय आणि शेवटी गाडीचा मालक म्हणतो, "राहू द्या हो, मागे कोण लावतं!" शिटांचं काम करणारा कुणीही कारागीर अर्ध्या तासात कव्हरला लॉकपुरती फट पाडून देतो. दुसरा प्रकार म्हणजे बेल्ट न लावता अलार्म गप्प करणारी ती धातूची क्लिप. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना ती काढून टाकायला लावली. तुमच्या मैदानावर अशी एक तरी निघेल, पैज लावते. निघाली तर माणसाचा पाणउतारा करू नका, हसून खिशात घाला.

त्या हळू आवाजात बोललेल्या आईकडे मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. सभेत सगळ्यात खरा प्रश्न तिने विचारला होता. पाठ असलेली बूस्टर सीट साधारण चार-पाच हजारांपासून पुढे मिळते, आणि जुन्या गाडीचा हप्ता भरणाऱ्या घरात ती रक्कम म्हणजे मुलाची काही महिन्यांची व्हॅनची फी. "मुलाच्या जिवापेक्षा पैसा मोठा का?" असं तिला कुणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. तुमच्या संघाने त्यापेक्षा एका घरातली सीट दुसऱ्या घरी द्यायची सोय करावी. पाचवी-सहावीतली मुलं सीटमधून बाहेर पडतात आणि त्या माळ्यावर जातात. त्या गोळा करा, नोंदवहीत लिहा, पहिली-दुसरीच्या घरांना वर्षभरासाठी द्या. अनामत नको, फक्त सही. दोन अटी कडक पाळा: अपघात झालेल्या गाडीतली सीट घ्यायची नाही, दिसायला धड असली तरी, आणि जिच्यावरचं मंजुरीचं लेबल वाचता येत नाही ती नाही. लेबलावर गोलात ई हे अक्षर असतं आणि कोणत्या वजनाच्या किंवा उंचीच्या मुलासाठी आहे ते लिहिलेलं असतं. स्वस्तातला बिनपाठीचा बूस्टर मोठ्या मुलांसाठी ठीक, साधारण १२५ सेंटिमीटरच्या पुढे. तुमच्या मुलीला अजून पाठीचाच हवा.

सीट नाहीच मिळाली तर? तर मूल मागे, कडेच्या जागेवर, पूर्ण बेल्ट लावून, खालचा पट्टा ओढून मांड्यांवर. काखेखाली घ्यायचा नाही. गादी, उशी, घडी घातलेली चादर खाली ठेवायची नाही, कारण ती दबते आणि सरकते, मग मूल पट्ट्याखालून घसरतं. हे बूस्टरच्या तोडीचं नाही, पण मांडीपेक्षा आणि पुढच्या दोन सीटच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा खूप बरं. जुन्या गाडीत मागे मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा असेल तर बूस्टर तिथे ठेवू नका. वरच्या पट्ट्याशिवाय त्याला अर्थ नाही. हे सगळं त्या आईला हिंदीत सांगा, आणि तुम्ही सांगण्यापेक्षा तिच्याच ओळखीतल्या कुणी सांगितलं तर उत्तम.

इथे मला तुमच्या "सगळ्या तऱ्हेच्या घरां"बद्दल बोलायचंय. पत्रकाचं पाच भाषांत भाषांतर करून वाटलं की सगळ्यांपर्यंत पोचलं, असं संघटनांना वाटतं. पत्रक पोचतं, पण माणूस तयार होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक वस्तीतली एक आई किंवा एक मावशी निवडा, तिला सीट बसवायला आणि बेल्ट तपासायला नीट शिकवा, आणि तिला तिच्या भाषेत, तिच्या ओट्यावर बोलू द्या. सिडकोतल्या खानदेशी घरात अहिराणी बोलणारी बाई जे दोन मिनिटांत पटवेल ते तुमच्या-माझ्या पुस्तकी मराठीला जमणार नाही. वडाळ्यात मौलानांना भेटा. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण त्यांच्याकडे आहेच, तुम्हाला काही नवं सांगायचं नाही. हिंदू घरांत "देव तारी त्याला कोण मारी" म्हणणारे भेटतील. त्यांना "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हणही माहीत असतेच, हळूच आठवण करून द्या. फौजी घरांत शिस्त अंगवळणी पडलेली असते, तिथून चांगले शिकवणारे मिळतील. फक्त त्यांना हुकूम सोडू देऊ नका.

आणि एक पथ्य सगळीकडे पाळा. अपघाताचे फोटो नकोत. प्रवासाला निघताना आपल्याकडे कुणी वाईट बोलत नाही. बोललं की "शुभ बोल रे नाऱ्या" ऐकावं लागतं. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या माणसाला धोका कळत नाही असं नाही, तो त्याला शब्दांत आणायचा नसतो. म्हणून दुसऱ्या बाजूने बोला. उंच बसलेल्या मुलाला खिडकीबाहेरचं दिसतं. बाहेर दिसलं की बऱ्याच मुलांची मळमळ कमी होते आणि वणीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात पिशवी शोधावी लागत नाही. मूल एका जागी बसतं, ड्रायव्हरच्या मानेशी लोंबकळत नाही. मी पाहिलंय, आयांना हा मुद्दा सगळ्यांत आधी पटतो. त्यात चुकीचं काय? कारण कुठलंही असो, पट्टा खांद्यावर आला म्हणजे झालं.

कायद्याचं विचारलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-बी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. नीट वाचा: "किंवा" आहे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला गळ्यावर येणारा बेल्ट लावला तरी कायद्याचं समाधान होतं, पोटाचं होत नाही. म्हणून सभेत कायदा एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. धाकाचं काय होतं ते नाशिककरांनी पाहिलंय. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पोलिसांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली होती. हेल्मेटं डोक्यावर चढली हे खरं, पण पंपापुरती उसनी मागणारेही आपल्याला आठवतात. मागच्या सीटवरच्या मुलाला तर पंपावरचा माणूस बघतही नाही.

ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना सभेत नुसतं बसवून ठेवू नका, नाहीतर "श्रीमंतांचं खूळ" हा शिक्का बसलाच. तुमच्या शाळेच्या फाटकावर सकाळी उभ्या राहा आणि बघा, स्कूटर किती आणि मोटारी किती. दुचाकीसाठीही नियम आहे: ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याच्या खांद्यांना जोडलेला सुरक्षा पट्टा, आणि वेग ताशी ४० च्या आत. १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे आणि फार थोड्या घरांना माहीत आहे. मैदानावर चौथी गाडी म्हणून एक स्कूटर उभी करा आणि तो पट्टा एका बापाच्या अंगावर चढवून दाखवा. पहिलीतली मुलं त्या वयाच्या पुढे गेलेली असतात, पण प्रत्येकाच्या घरी धाकटं भावंड असतंच. मोठ्यांसाठी हेल्मेट आहेच. व्हॅन-रिक्षांचा प्रश्न वेगळा आणि जास्त चिघळलेला आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

अगदी लहान बाळांबद्दल कुणी विचारेल. त्यांना बूस्टर नाही, वेगळी सीट लागते आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची, निदान सव्वा वर्षापर्यंत, सीट परवानगी देईल तोवर पुढेही. समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच ठेवायची नाही, कारण उघडणारी एअरबॅग बाळाच्या डोक्यामागेच आदळते. ही सीट मोठ्या खर्चाची, पण इथे आपल्या रीती मदतीला येतात. बाळंतविड्यात आणि बारशाला चांदीचे वाळे, अंगठ्या, एकसारखे आठ फ्रॉक येतात. आजोळच्या लोकांनी मिळून एक सीट दिली तर? गुजराती आणि मुस्लिम घरांतही बाळाला द्यायच्या भेटी असतातच. हा विषय सुनेने काढू नये, आजीने काढावा. तुमच्या सासूबाईंचा मान वाढवायची ही दुसरी संधी.

बूस्टर कधी बंद करायचा, हे लोक वयावर विचारतील. तुम्ही उंची सांगा: साधारण १४५ सेंटिमीटर. बहुतेक मुलांना तिथे पोचायला दहा-बारा वर्षं लागतात, त्यामुळे "आता मोठा झाला की" हे वाक्य दुसरीतल्या मुलाबद्दल चालणार नाही. खात्री करायची तर मुलाला सीटशिवाय बसवून बघा. पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या काठावर वाकतात का? खालचा पट्टा मांड्यांवर आहे का? वरचा खांद्यावर? आणि नाशिक रोडपर्यंत तो तसाच बसून राहतो का, की द्वारका चौकातच घसरतो? एक जरी उत्तर नाही असेल तर बूस्टर राहू द्या. १३ वर्षांपर्यंत मागेच बसवणं चांगलं.

एका गोष्टीवर मी सोपं उत्तर देणार नाही. लग्नाला निघालेल्या सात सीटच्या गाडीत नऊ माणसं बसतात तेव्हा सगळ्यांत आधी मुलाची सीट डिकीत जाते. त्यावर उपाय दोन फेऱ्या किंवा दुसरी गाडी, आणि तो कुणालाच आवडत नाही. तरी घरात एकदा ठरवून ठेवा की जागा मोजताना आधी मुलं मोजायची, मग मोठी माणसं. काका रुसेल. काकाला एसटी आहे.

सभेची वेळ बदला. दिवाळीआधी बागायतदार गोडी छाटणी आणि फवारणीत गळ्यापर्यंत बुडालेले असतात, कारखान्यांच्या पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या, आणि शुक्रवारी दुपारी नमाज. एकाच दिवशी सगळे येणार नाहीत. म्हणून शाळा सुटायच्या वेळी फाटकाजवळ तीन वेगवेगळ्या दिवशी अर्धा-अर्धा तास ठेवा. आणि ते हसलेले बागायतदार, त्यांना पहिल्या दिवशी गाडी घेऊन या म्हणून फोन करा. मुख्याध्यापकांना सांगू नका, तुम्ही स्वतः करा. भरसभेत हसणाऱ्या माणसाच्या गाडीत सीट बसली की मागची पाच घरं विचारायला येतात. सीट मात्र तुमच्या मुलीची न्या, नवी विकत आणू नका, आणि ती लावून दाखवायला सासूबाईंना बरोबर घ्या.